सड्यावरचं घर आणि विजा : तडितरक्षक बसवावा का?

सडेकर
नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आमच्या गावाच्या वर सडा (कातळाचं उघडं पठार) आहे, तिथं घर बांधायला काढलंय. जोतं झालंय, भिंती सुरू व्हायच्यात. चिऱ्याचं बांधकाम, साधारण १२ मीटर बाय १०, खाली पूर्ण मजला नि वर माळा, त्यावर पत्रा, सगळ्यात उंच टोक जमिनीपासून ८ मीटर भरेल. आजूबाजूला नुसता कातळ. कलमं लावलीत ती अजून गुडघ्याएवढी आहेत, त्यामुळे लांबपर्यंत उंच म्हणावं असं काही असेल तर आमचं घर आणि लाईटचे पोल. डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) खाली वाडीत, तिथून ३०० मीटर उघड्या तारांनी लाईट येणार.

गेल्या ऑक्टोबरात खालच्या वाडीत एका माडावर वीज पडली. शेंडा दुसऱ्या दिवशीपर्यंत धुमसत होता आणि खोडावर वरपासून खालपर्यंत चार बोटं रुंदीची साल सोलून निघालेली. शेजारच्या घरातला टीव्ही, फ्रीज, पंपाचा स्टार्टर सगळं गेलं, पण मी बघत राहिलो तो हॉलमधला स्विचबोर्ड, तो भिंतीतून सुटून समोरच्या कपाटावर जाऊन आदळला होता आणि वायरिंगच्या वाटेनं प्लास्टरमध्ये सरळ चर पडलेली. माणसं मागच्या पडवीत होती म्हणून वाचली.

एका विक्रेत्यानं छपरावर बसवायच्या यंत्राचं कोटेशन दिलंय, ८५ हजार. म्हणतो शंभर मीटरपर्यंत बघायला नको. आमचा वायरमन म्हणतो काही लागत नाही, कोकणात भर पावसाळ्यात विजा असतात तरी किती. खरंच किती धोका असतो? आणि पैसे घालायचेच तर कुठं घालायचे?

मालवणी_मसाला
सड्यार घर बांधूक तुका कोणी सांगल्यान? 😀 हलके घ्या. वायरमनचं अर्धं बरोबर आहे, जुलै-ऑगस्टात नुसती धार असते, गडगडाट कमी. पण मे-जूनचा वळीव आणि परतीचा पाऊस, ह्या दोन वेळेला जे काय होतं ते त्याला माहीत नाही असं कसं होईल?

तात्या_विंचूरकर
आमच्या शाळेच्या पुस्तकात तडितरक्षकाचं चित्र होतं, वर भाला, खाली खड्ड्यात तांब्याचा पत्रा. परीक्षेत दोन मार्कांना हमखास. गावात मात्र तो फक्त शाळेवर नि चर्चवर बघितलाय, देवळाच्या कळसावर नाही, आणि वीज पडली ती कळसावर.

निशिगंधा
धोका किती म्हणून विचारलंय तर एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा) २०२२चा आकडा आहे, देशात विजेनं २,८८७ माणसं गेली. पूर, उष्माघात, दरड ह्या सगळ्यांपेक्षा एकट्या विजेनं जास्त. पण यातली बहुतेक शेतात, झाडाखाली, उघड्यावर गेलेली. पक्क्या घरात बसलेला माणूस त्यामानानं बराच सुरक्षित. तेव्हा घराची काळजी करता ते ठीकच, पण कलमांना पाणी घालायला संध्याकाळी ४ वाजता सड्यावर कोण जाणार त्याची आधी करा.

सडेकर
@निशिगंधा, मुद्दा मान्य, गड्यांशी बोलायलाच पाहिजे. पण घराचाही निर्णय आत्ताच घ्यावा लागेल, भिंती झाल्यावर तोडफोड नको.

ओहम_शांती
आकडेमोड करून बघू या. आयएस/आयईसी ६२३०५ नावाचं मानक आहे, जुन्या आयएस २३०९च्या जागी आलेलं. त्यात घर किती क्षेत्रातली वीज स्वतःकडे ओढतं ते काढायचं सूत्र आहे. साध्या शब्दांत, घराच्या उंचीच्या तिप्पट अंतर चारी बाजूंनी धरायचं. तुमचं घर १२ बाय १० बाय ८, म्हणजे साधारण ३,००० चौरस मीटर येतात. टेकडीवर एकटंच उभं घर असेल तर दुप्पट धरा म्हणतात. झाले ६,०००.

आता समजा तुमच्याकडे चौरस किलोमीटरला वर्षाला ५ विजा जमिनीवर उतरतात. तर थेट घरावर पडायची वेळ ३३ वर्षांतून एकदा. हेच घर वाडीत, तेवढ्याच उंचीच्या घराझाडांत असतं तर दुप्पटच्या जागी निम्मं धरायचं, म्हणजे १३० वर्षांतून एकदा. सड्यानं चौपट केलं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. तारेसाठी वेगळं सूत्र आहे. तुमच्या ३०० मीटर उघड्या तारांवर थेट पडायचं क्षेत्र १२,००० चौरस मीटर, घराच्या दुप्पट. आणि तारेच्या आसपास पडून तारेत झटका उमटवणाऱ्या विजांचं क्षेत्र १२ लाख चौरस मीटर! म्हणजे वर्षाला ६ वेळा. त्यातली प्रत्येक काही फ्रीज जाळत नाही, बऱ्याचशा बल्ब लपकावून जातात, पण वीज घरात यायचा मोठा दरवाजा छपरावर नसून मीटरपाशी आहे.

भटकभवानी
हे ५ कुठून काढलेत? राजापुरात मोजले का कोणी?

ओहम_शांती
"समजा" लिहिलंय की ओ. २ धरा, १० धरा, वर्षं बदलतील. घर आणि तार यांचं आपसातलं प्रमाण तेच राहील आणि मला तेच सांगायचं होतं.

भटकभवानी
ओके, मग पटलं.

अण्णा_पावसकर
३३ वर्षांतून एकदा म्हणजे नातवाच्या नशिबी. सोडा की मग. 😀

ओहम_शांती
अण्णा, ३३ वर्षांतून एकदा म्हणजे ३२ वर्षं सुट्टी नव्हे. पहिल्याच वळवात येऊ शकते. अमेरिकेत रॉय सलिव्हन नावाचा वनरक्षक होता, १९४२ ते १९७७ या काळात सात वेळा त्याच्यावर वीज पडली आणि सातही वेळा वाचला.

पुणेरी_टोपी
त्याची पत्रिका बघायला हवी होती.

रानवाटा
त्यापेक्षा पायाळू (पायांकडून जन्मलेला) होता का ते विचारा. आमच्याकडे पायाळू माणसाकडे वीज ओढली जाते म्हणतात.

सडेकर
हेच लिहायचं राहिलं होतं! आमची आई पायाळू आहे. तिचं म्हणणं, "माझ्यासाठी म्हणून सड्यावर घर बांधू नकोस." थट्टा नाही करत, मनापासून म्हणते.

माई_देशमुख
थट्टेचा विषय नाहीच. माझी धाकटी आत्या पायाळू. बीड जिल्ह्यातलं गाव, वेचणीला बायका जायच्या, ढग आले की सगळ्या एका बाभळीखाली जमायच्या आणि आत्याला म्हणायच्या तू लांब उभी राहा. नऊ-दहा वर्षांची पोर, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन एकटी बांधावर उकिडवी बसायची. म्हातारी झाली तरी वीज चमकली की घरातल्या पोरांपासून उठून लांब जाऊन बसायची, आम्ही ओढून आणायचो.

आता कळतं की झाडाखाली घोळक्यानं उभ्या राहिलेल्यांपेक्षा तीच जरा बऱ्या जागी होती, पण हे तिला सांगून काय उपयोग.

निशिगंधा
माई, वाचून गलबललं. आणि खरंच आहे, झाडाखालच्यांना जे लागतं ते बहुतेक वेळा वरून येतच नाही. झाडावर पडलेली वीज खोडावरून माणसावर उडी मारते किंवा जमिनीतून पसरते. दोन पायांत अंतर जास्त तेवढा फटका जास्त, म्हणून गुरं जास्त मरतात, पुढचे नि मागचे पाय लांब आणि मध्ये काळीज. नॉर्वेत २०१६च्या ऑगस्टमध्ये एकाच ठिकाणी ३२३ रेनडिअर मेले होते. काय पायाळू होते का सगळे?

डॉ_गोडबोले_नव्हे
वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर शॉक बसतो हा गैरसमज अजून लोकांच्या डोक्यात आहे. नाही बसत. अंगात वीज साठून राहत नाही. हृदय बंद पडलेलं असतं, ताबडतोब छाती दाबायला सुरुवात केली तर माणूस परत येऊ शकतो. अनेकांना एकदम लागलं असेल तर ओरडणाऱ्यांकडे नंतर बघा, निपचित पडलाय त्याच्याकडे आधी धावा. शेणात पुरणे वगैरे प्रकार कृपया नकोत.

वायरिंगवाला_बाळू
३० वर्षं हेच काम करतोय म्हणून लिहितो. सडेकर साहेब, ८५ हजाराचं ते यंत्र घेऊ नका. त्याला ईएसई म्हणतात, फ्रेंच मानकावर विकतात, एनएफ सी १७-१०२. एक डबी लावली की शंभर मीटर सुरक्षित असा दावा. ६२३०५ मध्ये असला जास्तीचा पल्ला देत नाहीत, नुसत्या सळईला जेवढा धरतात तेवढाच धरा. त्यापेक्षा तुमचा पत्राच वापरा. पोलादी पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या वर जाड असेल आणि खाली लगेच पेटेल असं काही नसेल तर तोच वीज झेलायला चालतो, फार तर भोक पडेल. पत्र्याच्या कोपऱ्यांवरून जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पट्ट्या खाली आणा, दोन तरी पाहिजेत, समोरासमोरच्या कोपऱ्यांत, वळणं कमीत कमी, खाली आर्थिंग. मात्र माळ्यावर गवत नि पेंढा ठेवणार असाल तर वेगळा विचार करा.

आणि एक, अरेस्टरचं म्हणजे तडितरक्षकाचं आर्थिंग वेगळं ठेवा, घराच्या आर्थिंगला अजिबात जोडायचं नाही, नाहीतर वीज घरात येते.

ओहम_शांती
बाळूभाऊ, पत्र्याचं सगळं सोळा आणे, पण शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. आर्थिंगचा खड्डा वेगळा ठेवा, पण जमिनीखालून पट्टीनं जोडलेलाच हवा.

हिशोब करा. साधी ३० हजार अँपिअरची वीज, तुमच्या खड्ड्याचा रोध १० ओहम. गुणाकार ३ लाख व्होल्ट. म्हणजे खाली उतरणारी पट्टी क्षणभर ३ लाख व्होल्टवर आणि तिच्यापासून हातभर अंतरावर भिंतीतली वायर घराच्या वेगळ्या आर्थिंगवर शून्यावर. ती मधली भिंत फोडून उडी मारणार. सडेकरांनी कपाटावर आदळलेला जो स्विचबोर्ड बघितला तो बहुतेक असाच उडालेला. सगळं एकत्र जोडलेलं असलं की सगळं एकदम वर जातं नि एकदम खाली येतं, आपसात फरक राहत नाही. पूर आला की होडी आणि धक्का दोन्ही तरंगायला पाहिजेत, एकच तरंगला तर दोर तुटणार.

वायरिंगवाला_बाळू
आमच्या उस्तादानं वेगळंच शिकवलं, आणि इन्स्पेक्टरपण वेगळा खड्डा बघतो.

ओहम_शांती
वेगळा खड्डा असायलाच हवा हो, त्याला ना नाही. एक पट्टी खालून जास्तीची टाका एवढंच म्हणतोय.

टॉवरबाबा
मी मोबाईल टॉवरच्या कामात होतो. बाळूभाऊ, तुमची शिकवण जुनी आहे, आमच्याकडेही आधी तसंच करायचे आणि दर वळवाला कार्डं जळायची. नंतर टॉवर, शेल्टर, जनरेटर सगळं एका रिंगमध्ये जोडलं. जळायचं थांबलं नाही, पण कमी झालं बरंच.

वायरिंगवाला_बाळू
बघतो. टॉवरवाले सांगतात म्हणजे काही असेल.

पुणेरी_टोपी
ह्या धाग्यावर कोणीतरी कोणाचं तरी ऐकलं. तारीख लिहून ठेवा.

सडेकर
सगळ्यांचे आभार. पण इथं कातळ आहे हो. वायरमननं पहारीनं दोन फूट खणलं आणि पहार परत आली. कोळसा-मीठ घालायला खड्डाच होत नाही.

चिरेबंदी
आमचंही घर कातळावरच, देवगडात. एका खड्ड्याचा नाद सोडा. बोअर मारणार असाल ना, त्याचं केसिंग (आतला पाइप) लोखंडी असेल तर तेही जोडून घ्या. आम्ही घराभोवती फूट-दीड फूट चर काढली, ती जेसीबीच्या ब्रेकरनं, त्यात जीआय पट्टी पूर्ण गोल फिरवली आणि वर भरडा नाही, शेतातली माती आणून भरली. पागोळ्यांचं पाणी तिथंच पडतं म्हणून ओल टिकते. मीठ नका घालू, दोन पावसाळ्यांत वाहून जातं नि पट्टी गंजते ती वेगळीच. आणि जोत्याच्या बीममधलं स्टील? जोतं झालं म्हणता, बीमचं स्टील कुठं बाहेर ठेवलंय का?

सडेकर
कोपऱ्यातल्या चार पिलरच्या सळ्या वर आहेत अजून. चिऱ्याची घरं असली तरी हल्ली इथं कोपऱ्यांत पिलर घेतात.

चिरेबंदी
मग नशीबवान आहात. त्या सळ्यांना पट्टी वेल्ड करून बाहेर काढा नि गोल पट्टीला जोडा, स्लॅब नि पत्र्यापर्यंत तेच स्टील वर न्या. हे भिंती झाल्यावर होत नाही. आज गवंड्याला फोन करा.

भटकभवानी
ओहम_शांती, मगाशी म्हणालात मीटरपाशी दरवाजा. त्याला कडी कुठली?

ओहम_शांती
एसपीडी. सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस. बाजारातला १५० रुपयांचा स्पाइक गार्डचा पट्टा नव्हे, मेन बोर्डात एमसीबीशेजारी बसतो तो. टाइप १ आणि टाइप २ असे प्रकार असतात. छपरावर वीज झेलायची सोय केलीत किंवा उघडी तार घराला येत असेल तर मेनला टाइप १ किंवा दोन्ही मिळून येतो तो घ्या. फ्लॅटवाल्यांना बहुधा टाइप २ पुरतो.

लोक चुकतात ते वायरच्या लांबीत. एसपीडीला येणारी नि तिथून आर्थिंगला जाणारी वायर मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. बोर्ड सुबक दिसावा म्हणून इलेक्ट्रिशियन वायर छान गोल फिरवून बांधतो, त्या गोलातच सगळा फायदा जातो. आणि आर्थिंग धड नसेल तर एसपीडी म्हणजे दाराला कडी आहे पण भिंतच नाही.

नुसता अरेस्टर लावला नि एसपीडी नाही, तर घर वाचेल पण उपकरणं वाचतीलच असं नाही. छपरावर झेललेली वीज आर्थिंगच्या वाटेनं वायरिंगमध्ये शिरू शकते.

अण्णा_पावसकर
आमची सोय साधी. ढग वाजले की मेन स्विच पाडतो, टीव्ही-राउटरच्या पिना काढतो, खुर्ची घेऊन पडवीत बसतो. खर्च शून्य.

निशिगंधा
अण्णा, पिना काढता ते उत्तम, पण वाजायच्या आधी काढा. आणि पडवीत नको, आत बसा. मेन पाडल्यानं तारेतून येणारी वीज थांबत नाही, एवढे किलोमीटर हवा फोडून आलेली ती स्विचमधल्या बोटभर फटीला काय जुमानते.

अण्णा_पावसकर
पडवी सोडली तर वळीव बघायचा कुठून?

रानवाटा
दामिनी ॲप कोणी सांगितलंच नाही? पुण्याच्या आयआयटीएमचं (उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं) आहे, फुकट. तुमच्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडतेय का ते नकाशावर दाखवतं. आम्ही ट्रेकवाले मे महिन्यात दर तासाला उघडतो. २०२१च्या ११ जुलैला जयपूरला आमेर किल्ल्याशेजारच्या बुरुजावर निदान ११ लोक गेले, लोक सेल्फी काढत होते. तेव्हापासून गडावर ढग दिसले की मी बुरुज सोडतो, ग्रुपनं भित्रा म्हटलं तरी चालेल.

सोलापूरची_चादर
मोबाईलमुळे वीज ओढली जाते ना? म्हणून बंद करतात.

रानवाटा
नाही. हातातला मोबाईल वीज ओढत नाही. चार्जिंगला लावून कानाला धरलात तर मात्र वायरनं तुम्ही डीपीशी बांधलेले आहात. रेंज नसेल तर चमक नि आवाजातले सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर आत जा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही.

मालवणी_मसाला
आमची आजी वीज चमकली की अंगणात कोयता भिरकवायची आणि अर्जुनाची नावं म्हणायची. दहा नावं होईपर्यंत पाऊस निम्मा व्हायचा. कोयत्याचं शास्त्र सांगा कोणीतरी.

तात्या_विंचूरकर
कोयता टाकायला अंगणात जाणारी आजी, हाच त्यातला सगळ्यात मोठा धोका.

माई_देशमुख
अवांतर होईल पण लिहिते. वीज पडून माणूस गेलं तर आपल्या राज्यात वारसांना ४ लाखांची मदत मिळते, त्यासाठी तलाठ्याचा पंचनामा आणि शवविच्छेदन लागतं. दुःखात लोक तसंच उरकून टाकतात नि नंतर कागद नाही म्हणून अडकतं. आमच्या गावात दोन घरांत असं झालंय. जनावरांचाही पंचनामा करून घ्या.

सडेकर
तीन आठवड्यांनी येतोय, माफी असावी. काय केलं ते लिहितो.

८५ हजारवाल्याला नाही म्हटलं, तो अजून फोन करतोय. पिलरच्या सळ्यांना पट्ट्या वेल्ड झाल्या, चिरेबंदी म्हणाले तशी घराभोवती गोल चर ब्रेकरनं काढली, शेजाऱ्याच्या मळ्यातली दोन ट्रॉली माती टाकली. वायरमन सुरुवातीला तोंड वाकडं करून होता, मग तालुक्यातून अर्थ टेस्टर घेऊन आला. पहिल्या खड्ड्याचं रीडिंग ६० च्या वर होतं, गोल पट्टी नि बोअरचं केसिंग जोडल्यावर ८ ओहम. तो स्वतःच दोनदा खिळे बदलून मोजत बसला होता. पण हे ओल असतानाचं, एप्रिलात परत मोजायला लावणार आहे. पत्र्याला चार कोपऱ्यांतून पट्ट्या येतील. मेनला एसपीडी, टाइप १ आणि २ मिळून. पोलपासून घरापर्यंतची शेवटची तार जमिनीखालून घेतोय, झटका त्यानं थांबेल असं नाही पण निदान पत्र्यावर तुटून पडणार नाही. सगळं मिळून त्या यंत्राच्या निम्म्याहून कमी.

आईला सगळं दाखवलं. चर, पट्टी, आठ ओहम. तिनं नीट ऐकलं आणि म्हणाली, बरं केलंस, पण अंगणात कोयता टाकायला जागा ठेव.

वायरिंगवाला_बाळू
टाका कोयता. पट्टीला जोडून टाका म्हणजे झालं.

माई_देशमुख
आईंना म्हणावं वळीव आला की सगळ्यांच्या मध्ये बसायचं.

नवी_आलेली_मी
उशिरा वाचला धागा. आमच्या बोर्डात एसपीडी आहे, त्याच्या खिडकीत हिरवं असायचं ते लाल झालंय. लाईट व्यवस्थित चालू आहे. बदलायला हवं का?

ओहम_शांती
हो, आजच. तुमच्या वाटणीचा फटका खाऊन तो मेलाय. लाईट चालूच राहते, म्हणून कोणी बघत नाही.